आप्पांच्या ड्रममधलं युरियाचं पाणी

माझं कुणी खरं धरलं नाही. चौथी शिकलेली, लातूरच्या ट्रक अड्ड्यावर चहा विकणारी बाई. तिला इंजिनातलं काय कळतं? पण ड्रायव्हर लोक चहा पितात आणि बोलतात, ते माझ्याच टपरीवर. नव्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, तिच्यात काजळी साठत जाते. माझ्या पोटात किस्से तसेच साठलेत. काजळी वेळेवर जाळली नाही तर गाडी अडते म्हणतात. म्हणून सांगून टाकते.

*

अड्ड्याचे मालक आप्पा. कपाळाला भस्म, बोलणं गोड. त्यांचा पहिला बिनधुराचा ट्रक आला तेव्हा हार, नारळ, पेढे, सगळं झालं. आप्पांनी पांढरा रुमाल सायलेन्सरला धरला. पांढराच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ड्रायव्हर माझा धाकटा भाऊ, हनमंत. मी म्हणाले, "धूर न्हाई तर गाडी यायलीय हे लांबून कळावं कसं?"

सगळे हसले, हनमंत सोडून. भूकंपात आमचे आई-बाप गेले तेव्हा तो तीन वर्षांचा, माझ्या कडेवर. मदतीच्या भाकरी आणणाऱ्या ट्रकांचा काळा धूर माळावर दिसला की तो रडायचा थांबायचा.

*

ह्या ट्रकांना डिझेलशिवाय आणखी एक टाकी असते. तिच्यात युरियाचं पाणी घालतात, सीलबंद डब्यातलं. त्यानं धुरातलं विष मरतं. आमचा ज्ञानोबा ड्रायव्हर जळकोटचा, घरी ऊस. एकदा डबा संपला तर त्यानं उसाच्या खताचा युरिया बादलीत कालवला आणि दिला ओतून.

"युरिया तो युरिया. उसाला चालतो, गाडीला का न्हाई?"

चार दिवसांत गाडी अडली. मोईन मिस्त्रीनं नळी उघडली तर आत पांढरे खडे. मिस्त्री म्हणाला, "ज्ञानोबा, गाडीला पीक आलंय. खुरपं घेऊन ये."

अड्डा पोट धरून हसला. आप्पांनी मात्र हळूच विचारलं, "चार दिवस चालली म्हणता? अन् धोतरातून गाळून घेतलं तर?"

महिन्याभरात ऑफिसमागं निळा ड्रम आला. डबे यायचे बंद झाले. खताच्या रिकाम्या गोण्या माझ्या टपरीमागं पडायला लागल्या. आप्पांना गुंठाभर शेत नाही.

*

शिरूर अनंतपाळला हनमंतनं गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावली. गाडीनं आपल्या आपण काजळी जाळायला घेतली, सायलेन्सर तापून लाल, आणि कडब्यानं पेट घेतला.

आप्पा म्हणाले, "बिडी टाकली असंल."

हनमंत जन्मात बिडी प्याला नाही. कुणी खरं धरलं नाही.

*

भूकंपानंतर लातूरचं नाव झालं ते शिकवण्यांनी. मग गल्लोगल्ली क्लास, होस्टेल, आणि ते वारं नांदेडलाही गेलं. हनमंत खाटा, बेंच भरून तिकडं न्यायचा. वाटेत पिवळा दिवा लागला की अर्धा तास उभं राहून काजळी जाळायची, असा गाडीचा नियम.

क्लासवाल्याचा फोन, "पोरं खाली बसलीत." आप्पांचा फोन, "जाळणं थांबवायचं बटण दाब, दिव्याचं नाटक बंद कर."

हनमंत माझ्याकडं येऊन म्हणाला, "ताई, गाडी म्हणते थांब, मालक म्हणतो चल. दोघांत खोटा मीच."

मी म्हणाले, "सोड ही गाडी."

"दुसऱ्या मालकाकडं बी हीच गाडी हाय."

*

मग मीच गेले आप्पांच्या ऑफिसात. चहाची किटली हातात तशीच.

"आप्पा, त्या ड्रममध्ये खत हाय. एक दिवस गाडी भर रस्त्यात मरंल."

आप्पा हसले. "माय, चहात साखर किती ते तू बघ. इंजिन आमच्यावर सोड."

मी म्हणाले, "गाडीत माझा भाऊ बसतो."

मुनीम, क्लीनर, सगळे हसले. ज्ञानोबा खाली बघत राहिला.

*

पुढच्या आठवड्यात हनमंत बेंच घेऊन निघाला. नांदेड रोडच्या चढावर, भर दुपारी, गाडीनं दम सोडला. बैलगाडीपेक्षा हळू, मग तेवढीही नाही. हनमंत खाली उतरला. गाडी बंद पडली की मागं दगड आणि बाभळीची फांदी लावायची, ही आपल्या ड्रायव्हरांची रीत. तो फांदी ठेवत होता. मागून कंटेनर आला.

मोईन मिस्त्री जागेवर गेला. टाकी उघडून पांढऱ्या खड्यांची मूठ भरली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ये खाद है. अल्ला कसम, उसाचं खत."

पोलिसांनी लिहून घेतलं नाही. संध्याकाळी मी अड्ड्यावर आले तर निळा ड्रम घासून धुतलेला, वर स्टीलचा ग्लास साखळीनं बांधलेला. ड्रायव्हर लोक त्यातलं पाणी पीत होते. ज्ञानोबासुद्धा.

तेराव्यानंतर पोलिसांनी मला कागद दिला. मी बोट ठेवून ठेवून वाचते. अपघाताचं कारण: वाहनाची निगा न राखणे. पुढं, जबाबदार, आणि एक नाव. ते नाव वाचायला मला वेळ लागला नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शाळेत मीच त्याला घातलं होतं, पाटीवर हात धरून मीच ते गिरवून घेतलं होतं.

हनमंत नरसिंग बिरादार.