टाकेकाकूंचं ‘ट्राय इट ऑन’

कपडे दुरुस्त करायच्या त्या दुकानात त्यांना सगळे टाकेकाकू म्हणायचे, कारण त्यांनी घातलेला टाका कुणाच्या नजरेस पडायचा नाही. पँट आखूड करा, कोटाचं अस्तर बदला, काकूंचा हात फिरला की कपडा जन्मतःच तसा होता असं वाटायचं. जिभेचं मात्र तसं नव्हतं. ती दुकानाबाहेरूनसुद्धा कळायची. पुढे काउंटर, त्याच्या बाजूला उंच आरसा आणि पडदा लावलेली कपडे बदलायची खोली. मागे शिलाई मशिनं आणि कापायचं टेबल. काकूंची सगळी हयात मागच्या खोलीत गेली होती आणि पुढच्या खोलीशी आपलं काही देणंघेणं नाही असं त्या अभिमानानं सांगायच्या.

पण काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाला आणि तो अभिमान गळून पडला. आधी काकूंनी दिव्याला नावं ठेवली, मग दोऱ्याला, मग सुया करणाऱ्यांच्या खानदानाला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, माणसं दिसतील, रस्ता दिसेल, पण बारीक काम आता सोडा. चष्म्यानंही ते बारीक दिसणं परत येणार नाही. काकू घरी येऊन ढसाढसा रडल्या. काम सोडा म्हणे! सोडून करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं?

यावर तोड काढली काकांनी. काका निवृत्त बस ड्रायव्हर. सगळा जन्म ते एवढं थोरलं चाक फिरवत आले, आणि आता रोज सकाळी खिडकीशी भिंग घेऊन बसून सुया ओवायला लागले. नेढ्याला शिव्या देत देत ते सुया ओवायचे, प्रत्येकीला दोरा लावून गाठ मारायचे आणि काकूंच्या सुया टोचायच्या उशीत खोचून द्यायचे. काकू ती उशी घेऊन दुकानात जायच्या आणि उरलेलं काम बोटांच्या अंदाजानं निभवायच्या. दुकानात कुणाला पत्ता लागला नाही, निदान काकूंची तशी समजूत होती. तरी रोज धास्ती असायचीच. एखादी शिवण वाकडी गेली, गिऱ्हाइकानं ओरड केली, की झालं.

अशातच काउंटरवरच्या बाई काम सोडून लेकीकडे राहायला जायला निघाल्या. मालक त्या जागी माणूस शोधू लागले. मालक तसे लहानच, त्यांच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हा ते टेबलाखाली चिंध्यांशी खेळायचे. पण आजूबाजूला मोठाली हॉटेलं आणि कचेऱ्या, निम्म्या गिऱ्हाइकांना आपली भाषा येत नाही, त्यामुळे इंग्रजी बोलणारं माणूस हवं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी बसते. मालकांच्या हातातली कात्री तशीच राहिली. काकूंना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती, म्हणून सोमवारी एक दिवस बसून बघा, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

आता काकूंचं इंग्रजी म्हणजे बटण, कॉलर आणि झिप. मग शिकवणार कोण? तर सूनबाई. ती हॉटेलात नोकरीला होती आणि इंग्रजी फडाफडा बोलायची. इतकी वर्षं काकू तिच्या शिवणाला नाक मुरडत आल्या होत्या. आता सूनबाईची पाळी आली. तिनं विचारलं, आई, तुमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त काय बोलावं लागतं? काकू म्हणाल्या, घालून बघा. बस्स, मग तेच पक्कं करा, बाकीचं मागून येईल, असं म्हणून तिनं ‘ट्राय इट ऑन’ काकूंच्या हाती दिलं.

त्या आठवड्यात घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. काका फिरायला निघाले की काकू टोपी पुढे करायच्या, प्लीज ट्राय इट ऑन. सूनबाईच्या नव्या चपला दाराशी दिसल्या की स्वतःच पाय घालून विचारायच्या, मे आय ट्राय देम ऑन? काकांनी एकदा चहाचा कप उचलून विचारलं, हा पण ट्राय ऑन करू का? सूनबाई हसून म्हणाली, बाबा, चहा अंगात घालत नाहीत, ते फक्त कपडे, चपला, चष्मा असल्या वस्तूंना. काकूंनी मात्र काकांकडे असं बघितलं की त्यांनी गुपचूप चहा पिऊन टाकला. स्वयंपाकघरात, जिन्यावर, आंघोळीला जाताना काकूंचा पाठ चालूच. आय ट्राइड ऑन द ब्लू वन. शी इज ट्राइंग ऑन द जॅकेट. आपल्याला या वयात काही नवीन येतंय याचा त्यांना खराखुरा आनंद होत होता, आणि तो लपवायला त्या सुनेवर आणखीच खेकसत होत्या.

सोमवार उजाडला. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पँट न्यायला आलेला एक उंच माणूस. काकूंनी पँट पुढे केली, सवयीनं चार टाचण्या ओठांत धरल्या आणि तोंड उघडायला गेल्या. जन्मभर टाचण्या ओठांत धरून मुकाट काम केलेलं माणूस ते! बाहेर पडलं ते नुसतं म्म, म्म, म्म. माणूस घाबरून दोन पावलं मागे सरला. काकूंनी टाचण्या काढल्या, चेहरा तांबडालाल झाला, आणि बस थांबवायला ओरडावं तशा आवाजात म्हणाल्या, “प्लीज ट्राय देम ऑन!” माणूस निमूट पडद्याआड गेला. कापायच्या टेबलामागून मालकांनी तोंडावर हात धरला.

दुपारपर्यंत गाडी रुळावर आली. टाचण्या काकूंनी आता खिशात टाकल्या होत्या.

मग एक बाई आल्या. वयानं काकूंच्याच बरोबरीच्या. हातात पुरुषाचा जाड, गडद कोट. काउंटरवर तो ठेवून त्यांनी खुणेनं सांगितलं की मला माझ्या मापाचा करून हवाय. काकूंनी वाक्य म्हटलं, अगदी सूनबाईनं शिकवलं होतं तसं, हळू आणि गोड. बाईंनी मान हलवली, कोट उचलला आणि तशाच उभ्या राहिल्या. काकूंनी पुन्हा म्हटलं. बाई काहीतरी लांबलचक बोलल्या. त्यातला ‘हजबंड’ एवढाच शब्द काकूंना कळला, पण बाईंचे हात त्या कॉलरला कसे चिकटले होते ते दिसत होतं, आणि तेवढं पाहायला काकूंचे डोळे अजून चांगले होते. या कोटातला माणूस गेला होता. आणि त्याच्या जागी आपण शिरायचं, हे काही त्या बाईंना जमत नव्हतं.

काकूंच्या जवळचं इंग्रजी इथे संपलं.

त्या दुकानात एक नियम होता. गिऱ्हाइकाचा कपडा कामाच्या माणसानं अंगात घालायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. मालकांच्या वडिलांनी या एका कारणावरून एका चांगल्या कारागिराला त्याच दिवशी कायमचं घरी पाठवलं होतं, आणि काकू तेव्हा तिथे होत्या. काकूंनी एकदा मागे बघितलं. मालक बघतच होते. मग काकूंनी बाईंच्या हातातून कोट अलगद घेतला आणि सरळ स्वतःच्या अंगात चढवला.

बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या. खांदे दोन्हीकडून घसरले. आरशात काकू म्हणजे शेतातलं बुजगावणंच. त्या आरशाकडे बघत म्हणाल्या, “आय ट्राय इट ऑन. नाऊ यू.”

बाई आधी हसल्या. मग रडल्या, मग परत हसल्या. काकूंनी कोट काढून दोन्ही हातांनी उघडून धरला आणि बाईंनी पाठ वळवून त्यात हात घातले. काकूंनी टाचण्या लावल्या, बाह्या दुमडल्या, खांदे आत घेतले. कॉलरशी हात जाताच बाईंनी तो धरला, तेव्हा काकूंनी मान हलवली, कॉलरला हात लावणार नाही. शिवणीत भरपूर कापड राखू, काही कापून टाकणार नाही, हेही त्यांनी बोटांनी समजावलं. जाताना बाईंनी काकूंचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

दार लागलं आणि मालक पुढे आले. काकूंनी आपली पिशवी आधीच काउंटरवर काढून ठेवली होती.

“नियम मोडलाय मी, माहितेय मला,” त्या म्हणाल्या. “आणि आता सांगूनच टाकते, मागच्या खोलीतही मी बसू शकत नाही. मला सुईचं नेढं दिसत नाही, बाबा. वर्ष झालं.”

“माहितेय,” मालक म्हणाले.

“कसं?” काकूंनी विचारलं.

“काकू, तुम्ही दोऱ्याला गाठ मारायचात ती राईएवढी. वर्षभर तुमच्या कामात हरभऱ्याएवढ्या गाठी निघतायत. तुमचे वाकडे गेलेले टाके मी उसवून परत घालत होतो. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो.”

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांनी पिशवी उचलून काउंटरच्या खालच्या कप्प्यात नेऊन ठेवली, काउंटरवरच्या बाई आपली पिशवी ठेवायच्या तिथे. “उद्यापासून इथेच. कोट मी शिवतो, तुम्ही फक्त सांगा. आणि परत कुणाचा कपडा अंगात घालायचा असला, तर आधी माझ्याकडे बघू नका. मला नाही म्हणावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखे भिंग घेऊन खिडकीशी बसले आणि त्यांनी विचारलं, आज किती सुया? काकू म्हणाल्या, नकोत. काकांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. बायकोचं चांगलं झालं याचा आनंद होताच, पण सकाळचं हक्काचं काम हातातून गेलं होतं.

काकूंना ते दिसलं. कोटाची सगळी शिवण मालक करणार होते, पण वरचं एक सैल झालेलं बटण काकूंनी मागून घेतलं होतं. बटण काय, डोळे मिटूनही लागतं.

“अहो, एक ओवा,” काकू म्हणाल्या आणि दोऱ्याचं रीळ त्यांच्या हातात दिलं. “काळा दोरा. आणि गाठ जरा लहान मारा.”