कैचीचा नियम

कबड्डीत कैची हा फाऊल आहे, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. चढाईला आलेल्या गड्याचा पाय आपल्या दोन्ही पायांत अडकवायचा आणि अंग पिळून त्याला आडवा करायचा, ती कैची. पुस्तकात ती तेव्हाही बंदच होती. पण आमच्या शिरगावच्या मैदानात पुस्तकाला कोण विचारतो? भातं निघाली की रिकाम्या शेतात पाणी मारून, चोपून मैदान व्हायचं, आणि पहिल्या सामन्याआधी पंच भोंग्यावरून सांगायचा, इथे कैची चालेल. लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं.

माझा दादा चढाईचा गडी. आम्ही राहायचो हेंद्रेपाड्यात, स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला, पण जन्म शिरगावचा, म्हणून खेळायचा शिरगावकडून. अंबरनाथच्या एका कारखान्यानं त्याला खेळाडू म्हणून घेतलं होतं. तेव्हा कारखान्यांच्या टीमा असायच्या. मशीनवर नाव, मैदानावर काम. पण दादा टेम्पररी. काही महिने झाले की ब्रेक द्यायचे, मग परत बोलवायचे. कारखान्यांचे सामने जिंकून दे, परमनंट करतो, असा साहेबाचा शब्द होता. आई तो 'परमनंट' शब्दही हळूच उच्चारायची, दृष्ट लागेल म्हणून. वडील गेल्यापासून आमचं घर त्या एका शब्दावर उभं होतं.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट असेल. गावच्या सामन्यात दादा चढाईला गेला आणि कोपऱ्यातल्या गड्यानं त्याला कैची घातली. मी दोरीला लागून बायकांत बसले होते. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला, आणि तो मला ऐकू आला म्हणजे बाकीच्यांनाही आला असणार. दादा उठला, पँट झटकली, हसला आणि बाहेर येऊन बसला. गुडघा घरी येईपर्यंत भोपळ्याएवढा झाला.

डॉक्टरकडे चल म्हणून मी त्याच्या मागे लागले. तर म्हणे, कामगार दवाखान्यात गेलो की कागद कारखान्यात जातो. लंगड्या खेळाडूला कोण परमनंट करणार? मग हाडवैद्याचा लेप, गरम विटेचा शेक, आणि उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या सिंधी टेलरकडून इलॅस्टिक घालून शिवलेला पट्टा. पँटीच्या आत तो घालून दादा कामाला जायचा. गेटमधून शिरताना सरळ चालायचा, हे त्याच्यासोबत जाणाऱ्या शेजाऱ्यानं आईला कौतुकानं सांगितलं. आई रडली.

त्या वर्षी शाळेतल्या पीटीच्या सरांनी मात्र मंडळात विषय काढला. चांगला माणूस, पण एकटा. कैची बंद करा, नाहीतर मी पंच म्हणून उभा राहणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकून मीटिंग भरली. आम्ही बायका पायऱ्यांवर. अध्यक्ष म्हणाले, बापजाद्यांनी कैची घातली आणि कैची खाल्ली, गावची ओळख आहे ती. कुणी म्हणालं, कैची काढा आणि पोरांना फुगड्या खेळायला लावा. मंडप हसला. सर जीव तोडून सांगत होते की ज्याच्या पायावर घर चालतं त्याचा पाय खेळात जाणार असेल, तर ती ओळख काय चाटायची? एक-दोन म्हातारे मान डोलवायला लागले होते. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, होतंय आज.

दादा खांबाला टेकून उभा होता. सगळे मांडी घालून बसलेले, हा एकटा उभा. लोकांना वाटलं, पोरगा नम्र आहे. त्याला गुडघा मुडपता येत नाही, हे त्या मंडपात फक्त मला आणि घरी येऊन गुडघा बघून गेलेल्या सरांना ठाऊक होतं.

शेवटी सरांनी त्याच्याकडे हात केला. "तूच सांग. तुझ्या गुडघ्याला काय झालंय?"

सरांचं काही चुकलं नाही. फक्त पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या शेजारी, पाहुणे म्हणून कारखान्याच्या टीमचे मॅनेजर बसलेत, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातच आलं नाही. दादाच्या आलं. त्यानं आधी मॅनेजरकडे बघितलं, मग सरांकडे.

"काही नाही झालं सर. घसरलो होतो. कैचीनं कुणाला काही होत नाही."

अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, मग मार बघू एक बैठक, सरांची खात्री पटू दे. आणि माझ्या भावानं मारली. पार खाली गेला, तसाच वर आला, चेहऱ्यावर हसू. मी पायरीचा दगड धरून बसले होते. मंडपात टाळ्या पडल्या, मॅनेजरनीही वाजवल्या. सर चष्मा पुसत राहिले. पुढच्या मोसमापासून ते मैदानात दिसले नाहीत.

घरी येताना दादा रुळापर्यंत चालला, पुढे मी त्याला धरून आणला. जे काही थोडं शाबूत होतं तेही त्या बैठकीत गेलं असावं. कारखान्याच्या टीमची निवड झाली तेव्हा पहिल्याच चढाईत गुडघा निखळला आणि मॅनेजरना जे कळायचं ते कळलं. कुणी ओरडलं नाही की काढून टाकलं नाही. फक्त ब्रेक दिला, आणि परत बोलावणं आलंच नाही. आई किती महिने सायकलची घंटा वाजली की बोलावण्याचं पत्र आलं समजून दारात जायची. ते आता येणार नाही हे तिला सांगायची हिंमत ना त्याला झाली ना मला. पुढे चार नंबर कॅम्पातल्या त्याच टेलरनं ओळखीनं त्याला जीन्सच्या कारखान्यात लावलं. उंच स्टुलावर बसून बटणं ठोकायची. सेठ भला होता, पायाबद्दल कधी बोलला नाही.

कैची बंद झाली ती मधे बरीच वर्षं गेल्यावर. अध्यक्षांच्या पुतण्याचा पाय मोडला तेव्हा. मीटिंग नाही, म्हातारे नाहीत, बापजादे नाहीत. सामन्याआधी अध्यक्षांनी स्वतः माईक घेतला आणि सांगून टाकलं, आजपासून कैची फाऊल. लोकांनी यालाही टाळ्या वाजवल्या! मैदानही तेव्हा निम्मंच उरलं होतं, बाकीच्या शेतात बिल्डिंगचे पिलर आले होते. जुना खेळाडू म्हणून दादाला पुढे खुर्ची दिली होती, मी मागे उभी होते. अध्यक्ष म्हणाले, इतकी वर्षं कैची खेळलो, एकाचंही नुकसान झालं नाही, आता काळ बदलला म्हणून बदलतोय. "विचारा आमच्या या चढाईच्या वाघाला. भर मंडपात बैठक मारून दाखवली होती यानं."

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. कसला कारखाना, कसला मॅनेजर, आता कुणाच्या बापाची भीती होती? दादानं हात वर केला आणि मान हलवली, खरं आहे म्हणून. नारळ घेतला, शाल घेतली.

परतताना मी चार पावलं पुढेच चालत होते. बोलले असते तर भांडले असते. बांधापाशी तो थांबला. उतार उतरायला त्याला आधार लागतो.

"बैठक कशी मारली होती मी," तो म्हणाला, "आठवते तुला?"

आठवते, म्हटलं. शाल माझ्या खांद्यावर टाकली, नारळ काखेत मारला आणि त्याला हात दिला.