डागाची गोणी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते डाळिंबाची डागी फळं काढायचं. अनुसया, माझी बायको, कात्री घेऊन पुढं. मी गोणी धरून मागं. बागेत तेल्या रोग शिरला होता. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकतं. कात्री चालत होती तशी तिची जीभही. "अवं, त्या झाडाला हात लावलाय ना? आदी बादलीत बुडवा, मंग म्होरल्या झाडाला शिवा."

अनुसया म्हटलं की मला ती बादलीच दिसते. बांधावर औषधाचं पाणी भरून ठेवायची आणि बागेत येईल त्याला अडवायची. व्याही असो नाहीतर सरपंच. "आदी हात, मंग बात." एकदा जमिनीच्या एजंटाला तिनं पायसुद्धा धुवायला लावले. तो म्हणाला, "मावशी, ओझरच्या देवळात बी एवढं न्हाई."

"देवाला तेल्या व्हत न्हाई, भाऊ."

बाग विकायची होती. आमचे गुडघे गेलेले, पोरगा चाकणला, बघणार कोण? पण तेल्याची बाग मोकळ्या रानापेक्षा स्वस्त जाते. झाडं उपटायची, जाळायची, सगळं घेणाऱ्याच्या अंगावर. शिवारात ज्याची त्याची बाग विकायला निघालेली आणि गिऱ्हाईक मिळत नाही. एजंटानं रीत सांगितली, सगळे तेच करत होते. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी डागी फळं काढून पुरायची आणि हिरवीगार बाग दाखवायची. आमचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं.

गोणी भरली तसा मी कुदळ उचलली. ती म्हणाली, "पुरू नगा. तोंड बांधा आन् बांधावर ठेवा. पावण्याला दाखवायचीत."

"डोकं फिरलं का तुझं? पळून जाईल तो."

"जाऊ द्या. घिऊन रडण्यापरास बघून गेलेला बरा."

तिचं पहिल्यापासून असंच. थोरलीला बघायला पाहुणे आले, तर पोहे हातात द्यायच्या आधी हिनं सांगून टाकलं, पोरीला एका कानानं कमी ऐकू येतं. पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. पोरगी कितीतरी दिवस आईशी बोलली नाही. पुढच्यांनी मात्र सगळं ऐकून सून करून घेतली. जावई जरा मोठ्यानं बोलतो, एवढंच.

मी रागानं गोणीचं तोंड आवळलं. ती हसली. "या, च्या टाकते," म्हणाली आणि घराकडं गेली. मी पोचलो तर चहा उतू गेलेला आणि ती चुलीपाशी भिंतीला टेकलेली. हाक मारली, हलवलं. गेली होती. संध्याकाळी पोरगा आला आणि नदीवर सगळं आटोपलं.

सकाळी मी बांधावर गेलो. गोणी तिथंच होती, कुदळही. मी बादली भरली. औषध किती टाकायचं ते तिलाच ठाऊक. अंदाजानं ओतलं. तेवढ्यात गाडी आली. एजंटाला काही कळलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाला घेऊन हसत उतरला.

"मावशी कुठाय?"

"न्हाई ती," मी म्हणालो. "आदी हात धुवा."

दोघांनी धुतले. मग मी गोणीची गाठ सोडली आणि तोंड उघडून पावण्यापुढं धरली.