प्रकरण लांबलंय

नलूमावशी खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिली नाही. घाटकोपरला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर ती लायब्ररी चालवायची आणि दिवसभर कपाटांमधून येरझाऱ्या घालायची. कादंबरी परत आली की वाचणारी कुठे अडकली, ते आधी बघायची. कुठे दुमडलेला कोपरा, कुठे हळदीचं बोट. "हे बघ, छप्पन्न पानांचं प्रकरण! जोशीबाईंनी इथे आपटी खाल्ली," असं म्हणून लेखकावर चरफडायची.

"बायका कुकर लावून वाचतात गो. तीन शिट्ट्यांत प्रकरण संपलं पाहिजे. आणि असं संपव की भात करपला तरी बाई पान उलटेल."

मी तेव्हा नोकरी सांभाळून पहिली कादंबरी लिहीत होते. ती कुणी शेवटपर्यंत वाचेल का, या धास्तीने मला चैन नव्हतं. लिहिलेलं मावशीला द्यायची आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. तिसऱ्या प्रकरणावर तर मी चार महिने घालवले होते. एका रविवारी ती खालून ओरडली, "सुमे, तुझं तिसरं प्रकरण भलतंच लांबलंय! काही दम नाही त्यात. आजच्या आज तोडून टाक!"

घरात मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईने कप खाली ठेवला.

"तिसरं?"

माझ्या आईला दरदरून घाम फुटला. मी धावत जाऊन वह्या आणून दाखवल्या, पण ते स्थळ गेलंच. मावशीला हे कळलं तेव्हा तिने कपाटांमधून एक येरझार घातली. मग म्हणाली, "वाट लागली गो तुझी. पण लांबलंय ते लांबलंयच." मला तिचा भयंकर राग आला. त्याच रागात मी त्या प्रकरणाचे तीन तुकडे केले, आणि ते पळायला लागलं.

पुढच्या वर्षी तिचं पोटाचं दुखणं निघालं. खाटेला खिळलेली मावशी मला बघवत नसे. चादरीखाली तिचे पाय सारखे हलत असायचे. ऑफिस सुटलं की मी हॉस्पिटलात जाऊन तिला एक नवं प्रकरण वाचून दाखवायची, तिच्या मापाचं, सात-आठ पानांचं. एकदा वाचून वही मिटली, तर तिने माझं मनगट धरलं.

"आता मोठा लिही गो."

मला चेष्टा वाटली. "आणि तुझ्या तीन शिट्ट्या?"

आजारपणात ती पार मालवणीवर आली होती. "प्रकरण संपला की तू उठतंस," ती म्हणाली.

दोन दिवस रजा टाकून मी एकसष्ट पानं लिहिली. कुठे थांबायला जागाच ठेवली नाही. तिला वाचून दाखवताना मी श्वास घ्यायला थांबले तरी ती डोळे मिटूनच वहीवर बोटाने टकटक करायची. चाळिसाव्या पानाच्या आसपास मी थांबले, तर टकटक झाली नाही.

नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वाचत राहिले. उरलेली पानं सावकाश, एकही ओळ न गाळता वाचली. ती संपली की मला उठावं लागणार होतं.