पाण्याआधीचा प्रश्न

कोणी फोनवर गोड बोलायला लागलं की मी मनातल्या मनात दाराला कडी घालते. पुण्याहून त्या मुलीचा फोन आला आणि ती "मॅडम, तुमचा आवाज फार आपलासा वाटला" म्हणाली, तेव्हाही पहिला विचार हाच आला की हिला काय विकायचंय. विकायचं काही नव्हतं. तिची कंपनी मोबाइलवरचा एक गेम तयार करत होती, ती त्याची लेखिका होती, आणि त्यातल्या एका म्हातारीसाठी तिला माझा आवाज हवा होता.

मी महाडला शाळेत शिकवते. बक्षीस समारंभ असो की कोणाचा निरोप, माईक माझ्याच हातात येतो. अशाच एका समारंभाचा व्हिडिओ तिने कुठेतरी पाहिला होता. गेममध्ये म्हणे एक वाटसरू औषधांची पेटी घेऊन घाट चढतो. वाटेत गावं लागतात, तिथली माणसं त्याला वाट दाखवतात, अडवतात, कधी फसवतात. घाट कशेडीसारखा, गावं आमच्या पोलादपूरकडची, म्हणून आवाजही इथलेच हवेत. हे सगळं सांगून झाल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी तालुका सांगितला. त्यापुढे आपण होऊन सांगायची मला सवय नाही.

सवय नाही, कारण माझं गाव पोलादपूरजवळच्या कापड्याच्या पुढे असलं तरी मी गावातली नाही. गावाबाहेरच्या बौद्धवाडीतली. महाडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी होते तेव्हा हरवलेल्या मुलांच्या आणि पाण्याच्या टँकरच्या सूचना मीच माईकवरून देते. पण पुण्याच्या माणसांना ठाऊक नसतं. माझं बोलणं पुस्तकी आहे, ते वडिलांनी घासूनपुसून घेतलेलं. ते ऐकून लोक मला भलत्याच घरातली समजतात आणि "किती शुद्ध बोलता हो तुम्ही" म्हणतात. त्या कौतुकाचा मला राग येतो.

कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, म्हणून मी अट घातली की आधी सगळे संवाद वाचायला पाठवा. गावची माणसं म्हटली की काय असतं हे मला पाठ होतं. एक दारुडा, एक बावळट गडी, एक ढेरपोट्या पाटील. शहाणा असेल तो शुद्ध बोलणार, येडा असेल तो 'नाय-हाय' करणार. आणि आमची माणसं आलीच तर ढोल बडवायला, नाहीतर रडायला. लाल पेन घेऊन बसले, पेपर तपासायला बसते तशी.

एकही खोड सापडेना. पाटील 'नाय' म्हणत होता, तशीच आरोग्य केंद्रातली डॉक्टरीणबाईही. दरोडेखोर मात्र स्वच्छ शहरी मराठीत गोड बोलत होता. सोबतच्या पात्रांच्या चित्रांतही वाईट माणूस काळा आणि चांगला गोरा, असं कुठे नव्हतं. मी तिला फोन करून खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, आम्ही ठरवूनच हे केलं आहे. कोणाची बोली, कोणाचा रंग, कोणाची जात हसण्यासाठी वापरायची नाही. आम्ही तुमच्या भागात राहून, माणसांशी बोलून लिहिलं आहे. खरं सांगायचं तर माझा हिरमोड झाला. भांडायला पदर खोचून गेलेल्या बाईला समोरच्याने चहा विचारावा, तसं झालं.

मग म्हातारीचा प्रसंग आला, म्हणजे माझाच.

घाट सुरू होण्याआधीचं शेवटचं घर. वाटसरू तहानलेला. दारात म्हातारी. तो पाणी मागतो. ती विचारते, "कुठल्या वाडीतला रे तू?" खेळणाऱ्यासमोर तीन वाड्यांची नावं येतात, त्यातलं एक निवडायचं. काहीही निवडलं तरी म्हातारी हसते आणि तांब्या आणून देते. खाली त्या मुलीने माझ्यासाठी टीप लिहिली होती: खूप माया हवी, हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे.

मी पेन खाली ठेवलं. तीन वाड्यांत आमच्यासारखी वाडी नव्हती. देवळाची होती, मधली होती, नदीकाठची होती. मी तिला फोन करून विचारलं, हे कुठून आणलं? ती उत्साहाने सांगू लागली. अशाच एका गावात एका आजीने त्यांना पाणी दिलं, आणि देण्याआधी हाच प्रश्न विचारला. हिने पुणं सांगितल्यावर आजी हसून म्हणाली, "पुण्याला वाडी नाय काय?" त्याच गावात कोणीतरी तिला वाड्याही मोजून दाखवल्या. तीनच मोजल्या. चौथी मोजायची राहिली, की मोजायची नव्हतीच, हे मी सांगू शकत नाही. मुलीला त्या प्रश्नात आपुलकी दिसली होती. पुण्याहून आलेल्याला दिसणारच.

आमच्याकडे वाडी विचारली की पुढचं काही विचारावं लागत नाही. शाळेत जाताना असंच एक शेवटचं घर लागायचं. मी लहान होते, उन्हाने जीव कासावीस झाला होता, मी पाणी मागितलं. तिथल्या बाईने अगदी मायेने विचारलं, "कुठल्या वाडीतली गो तू?" मी सांगितलं. तिचा आवाज बदलला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. तितक्याच मायेने ती म्हणाली, "ओंजळ धर," आणि पायरीवरून, उंचावरून पाणी ओतलं. अर्धं फ्रॉकवर सांडलं. घरी गेल्यावर वडील एवढंच म्हणाले, की उद्यापासून पाणी घरून न्यायचं. तेव्हापासून माझी बाटली माझ्याबरोबर असते. मी लग्नाकार्यातसुद्धा तिच्यातलंच पिते, लोक मला सोवळी समजतात.

आता तोच प्रश्न माझ्या आवाजात विचारला जाणार होता. आमच्या वाडीतल्या पोरांच्या हातातही मोबाइल आहेत. ती खेळणार, बाईंचा आवाज ओळखून खूश होणार, आणि बाई त्यांना विचारणार, कुठल्या वाडीतला रे तू? मग पाण्यासाठी ती दुसऱ्याच वाडीचं नाव दाबणार. हे मी होऊ देणार नव्हते. पण का होऊ देणार नाही हे सांगायचं, तर आधी मलाच त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार होतं. ते मला नको होतं. साधं नाही म्हणून टाकावं असंही वाटलं. पण मी नाही म्हटलं तर दुसरी कोणीतरी हो म्हणणार, आणि प्रश्न तसाच राहणार.

रेकॉर्डिंगसाठी त्यांनी महाडातच एक खोली घेतली होती, तळ्यापासून चालत जाण्याइतकी जवळ. भिंतींना गाद्या लावलेल्या, आवाज नको म्हणून पंखा बंद. ती मुलगी आणि मशीन सांभाळणारा एक जण, दोघंच. तिने माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली, मी माझी काढली. बाकीची वाक्यं पटापट झाली. मग तो प्रश्न आला. मी तो एकदाच म्हणून दाखवला, त्या बाईच्या आवाजात, अगदी तिच्यासारख्या मायेने. मुलगी भारावली. यापेक्षा चांगलं होऊच शकत नाही, म्हणाली.

"चांगलं होणारच," मी म्हटलं. "मी हा प्रश्न ऐकलेला आहे. चौथ्या वाडीतली म्हणून."

मग सगळं सांगितलं. ओंजळ, फ्रॉक, बाटली. सांगताना मी तिचा चेहरा वाचत होते. अशा वेळी चेहऱ्यावर काय काय येतं ते मला माहीत आहे. आधी दया येते, मग विषय बदलायची घाई, मग 'आम्ही तसलं काही मानत नाही'. तिच्याकडून त्यातलं काहीच आलं नाही, तिने माझ्यापुढचा संवादाचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. मशीनवाल्याने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तिला खरंच वाईट वाटलं, की आपला आवडता प्रसंग गेला याचं वाटलं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मग तिने विचारलं की चौथी वाडी घातली तर चालेल का. मी म्हटलं, म्हणजे आमच्या पोरांना खरं सांगून पाणी मिळणार, पण विचारलं जाणारच. त्यापेक्षा आधी पाणी द्या. तो पिऊ दे पोटभर. मग काय विचारायचं ते विचारा.

"पण मग प्रश्नाला काही अर्थच राहत नाही," ती म्हणाली.

"नाही राहत," मी म्हटलं.

तिने ते वाक्य खोडलं, वाड्यांची नावंही काढली. तिथेच नवं वाक्य लिहिलं आणि मला दिलं: ये बाबा, आधी पाणी पी. मी म्हणायला गेले आणि मला ते जमेना. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही. एकदा माईकवर सूचना दिल्यासारखं झालं, एकदा वर्गात पोरांना बसवल्यासारखं. मला घाम फुटला. प्रश्न विचारणारा आवाज मला तोंडपाठ होता. न विचारता पाणी देणारा आवाज त्या दारात मी कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, पंखा लावा जरा.

पंख्याखाली बसले तेव्हा आई आठवली. शाळेतून आले की ती चुलीपुढून उठायची, दप्तर खांद्यावरून काढायच्या आधी, रोज एकच वाक्य म्हणत, तांब्या हातात द्यायची. तिचं बोलणं वडिलांना कधी घासूनपुसून घेता आलं नाही. आमच्या वाडीत पाणी मागायला कोणी परका येत नसे. तिच्या दारात वाटसरू कधी उभा राहिलाच नाही. तिचं ते वाक्य माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही.

पंखा बंद करायला सांगितला. लिहिलेला कागद बाजूला ठेवला आणि आईसारखं म्हटलं, "ये रे बाबा. आधी पानी पी. मंग बोल." मुलीने मान हलवली. पुन्हा घेऊया का, असं तिने विचारलं नाही.

गेम आल्यावर मी तो घेतला, तो त्यांनी शब्द पाळला की नाही बघायला. लोकांवर माझा तेवढाच विश्वास आहे. मला तो खेळता येत नाही, वाटसरू सारखा दरीत पडायचा. चिडत, पुन्हा पुन्हा सुरू करत, एकदाची त्या शेवटच्या घरापाशी पोचले. म्हातारी दारात आली. कुठल्या वाडीतला, तिने विचारलं नाही. आईच्या आवाजात तिने त्याला पाणी प्यायला बोलावलं, आणि तो प्यायला. पुढे घाट होता, औषधं पोचवायची होती. मी त्याला तिथून हलवलंच नाही. माझ्या आईच्या दारात पहिल्यांदाच कोणीतरी पाणी प्यायला थांबलं होतं.