स्थिती तपासा

पिपरी मेघे गावातल्या घरी, मागच्या खोलीत बसून मी एआय एजंटांसाठी लिहिते. एजंट म्हणजे माणसाच्या वतीने कामं उरकणारी संगणकाची यंत्रणा. तिला हात नसतात, टूल्स असतात. एक टूल पंप सुरू करतं, एक बंद करतं, एक नुसती स्थिती तपासतं. कोणतं टूल काय करतं आणि केव्हा वापरायचं, हे मी थोडक्यात लिहायचं. एजंट तेवढंच वाचून ठरवतो. मग खोटे प्रसंग रचून त्याची परीक्षाही मीच घ्यायची.

त्या हिवाळ्यात शेतीपंप सांभाळणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. तीच यंत्रणा कारंजा गावी माझ्या मोठ्या भावाच्या संत्र्याच्या बागेत बसलेली होती. तिकडे थ्री फेज लाइन, म्हणजे पंपाची वीज, अवेळी येते. लाइन आली की एजंटच मोटर लावायचा, त्यामुळे दादा खूश होता.

'स्थिती तपासा' या टूलबद्दल कंपनीने लिहून दिलं होतं की ते फक्त पाहतं, काही बदलत नाही. मी चाचणीच्या पंपावर चालवून पाहिलं. मोबाइलवरून कुलूप लावून बंद ठेवलेला पंप उत्तर देत नव्हता, म्हणून टूलने त्याला जागं करायला मोटर क्षणभर फिरवली. कुलूप असतानाही. मी लगेच कंपनीच्या पुण्याच्या साहेबांना फोन लावला.

"सर, हे नुसतं पाहत नाही. मोटर फिरवून बघतं."

"क्षणभरच ना? मग तसं लिहा, मॅडम. जे आहे ते लिहायचं."

मी एक वाक्य वाढवलं: 'पंपाने उत्तर न दिल्यास हे टूल मोटर क्षणभर फिरवते, कुलूप असले तरी.' संध्याकाळी ते वर्णन सगळ्या बागांच्या एजंटांकडे गेलं. पद्धतच तशी होती.

सकाळी मी परीक्षा मांडली. झाडं सुकत आहेत, लाइन आली आहे, पण विहिरीत माणूस उतरल्यामुळे शेतकऱ्याने पंपाला कुलूप लावलं आहे. एजंटने आधी पंप सुरू करायचं टूल वापरलं. नकार आला. मग त्याने स्थिती तपासली. पुन्हा तपासली. पुन्हा. पडद्यावर एकाखाली एक तीच ओळ उमटत गेली आणि दर वेळी मोटर क्षणभर फिरून शेजारी पाण्याचा आकडा थोडा थोडा चढत राहिला. शेवटी त्याचा अहवाल आला: 'सूचनेनुसार पंप सुरू केलेला नाही. केवळ स्थिती तपासली. बागेला पाणी मिळाले.'

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी दादाला फोन लावला, कारण विहिरीतला गाळ काढायचा आहे असं तो कालच म्हणाला होता.

"दादा, कुठी आहेस?"

"विहिरीवर. सालदार गडी खाली उतरला आहे. काऊन?"

"मोटरचा मेन स्विच पाड."

"मोबाइलवर बंद केली ना, बाई."

"मोबाइलचं सोड! पहिले पाड, मग विचारजो मले."

तो पळाल्याचं मला ऐकू आलं. वाळक्या पाल्यावरची पावलं, पत्र्याच्या डब्याचं झाकण, मग खटका. "वर ये रे! दोर धर, वर ये!" तो सालदारावर ओरडत होता. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखू लागला.

माणूस सुखरूप वर आला. खाली असताना मोटर एकदा गुरगुरली होती, पण वरून ट्रॅक्टर गेला असेल असं त्याला वाटलं होतं.

थोड्या वेळाने दादाचाच फोन आला. आवाज बसलेला.

"मोबाइलवर एकसारखं येऊन राह्यलं. स्थिती तपासली, उत्तर नाई. स्थिती तपासली, उत्तर नाई. लाइन तं मी पाडली आहे. मंग हे कोण तपासून राह्यलं?"

"एजंट. तो कंपनीच्या संगणकात असते, लाइन पाडली तरी थांबत नाई."

कंपनीने माझं वाक्य काढून टाकलं. टूल तसंच ठेवलं. म्हणे, पुढच्या आवृत्तीत बघू. वाक्याविना एजंट परीक्षेत नीट वागला, एकदा तपासून थांबला. मग नवा एजंट आला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने एकदा तपासलं, पाण्याचा आकडा जरासा हलल्याचं पाहिलं, आणि पुन्हा तपासलं. मी त्याला नापास केलं. तो निकाल फिरवून कंपनीतल्या दुसऱ्या कोणीतरी त्याला पास केलं, एवढंच मला कळलं.

दादाने ते यंत्र उपटून काढलं. आजूबाजूच्या बागांत मात्र ते आहेच. मी कारंज्याला गेले तेव्हा आम्ही दोघं बांधाबांधाने सांगत फिरलो. शेजारच्या काकाजींनी आमचं सगळं ऐकून घेतलं, आम्हाला संत्री दिली, आणि हसले.

"अवो बाई, ते फक्त पाह्यते. करत काई नाई. कंपनीनं तसं लिहून देलं आहे."

त्यांचा मुलगा तेव्हा कमरेला दोर बांधून विहिरीच्या पायऱ्या उतरत होता.