सिस्टरचा खसरा

गजाला आमच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू झाली, तेव्हा मी मनात म्हटलं, ही काही टिकायची नाही. शहरातल्या शहागंजातली पोर, उर्दू शाळेत शिकलेली, चिखलात चप्पल रुतली तर चपलेलाच रागावणारी. मी गावची आशा कार्यकर्ती. बदलीचा अर्ज पर्समध्ये घेऊनच येणाऱ्या सिस्टर मी पाहिलेल्या होत्या. हिनं मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं, "संध्याताई, लोक माझं ऐकतील ना?"

"ऐकतील की. फक्त इंग्रजी झाडू नको. घरातल्या माणसाशी बोलतो तसं बोल."

माझ्या या सल्ल्यातूनच पुढचं रामायण घडलं.

शेजारच्या वस्तीवर गोवर आला होता. आमच्या गावात पुष्कळ लेकरांची लस राहिलेली. सुई दिली की ताप येतो, म्हणून लसीचं नाव काढलं की बायका दार लावून घ्यायच्या, आणि त्यांत सगळ्यांत पुढं दगडाबाई. तिचा नातू ऋतुराज चालायला लागला तरी त्याला तिनं सुईची सावली पडू दिली नव्हती. गजालाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वस्तीवरचा गोवर गावात यायला एखादं लग्न पुरे होतं.

लसीकरणाच्या आदल्या दिवशी मी एका गरोदर बाईला घेऊन फुलंब्रीच्या दवाखान्यात गेले, आणि इकडे गजालानं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर स्वतःच पुकारा केला. इंग्रजी शब्द नको, एवढं तिला आठवलं, पण गोवर हा शब्द काही आठवेना. मग तिनं आपल्या अम्मीच्या तोंडचा शब्द काढला. "उद्या सकाळी उपकेंद्रावर खसऱ्याचं काम आहे. सगळ्यांनी या. कुणी सुटता कामा नये!"

आता आमच्याकडे खसरा म्हणजे जमिनीचा जुना कागद. भावकीतली निम्मी भांडणं त्याच्यावरच उभी असतात.

सकाळी मी येते तो उपकेंद्रासमोर ही गर्दी! क्षणभर ऊर भरून आला. मग पाहिलं, तर जो तो पिशवीत कागदं घेऊन आलेला आणि लेकरू औषधालाही नाही. पुंजाराम आणि त्याचा चुलतभाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आलेले. मधोमध लसीचा डबा पोटाशी धरून गजाला, कावरीबावरी.

"शिस्टर, तलाठी कुठंय?" पुंजारामनं विचारलं.

"तलाठी कशाला? खसऱ्याची सुई तर मीच देणार ना!"

मग काय, एकच गिल्ला झाला. "कापूस येचायचा सोडून आलो!" दगडाबाई कडाडली. "आमची थट्टा करती व्हय गं?"

मी सावरून घ्यायला पुढं झाले, पण गजालानं हात जोडले होते. "अम्मा, चूक माझीच. आमच्या घरात त्या बीमारीला खसराच म्हणतात." आणि तिनं स्वतःच्याच चेहऱ्यावरून बोट फिरवत दाखवलं. आधी डोळे लाल होतात. मग कानामागून पुरळ उठतं, गळ्यावर उतरतं, छातीवर येतं. लेकरू दूध सोडतं.

"अन् मंग आवाज बसतो," दगडाबाई हळूच म्हणाली. "रडतंय, पर आवाज येत नाय."

"हां, अम्मा."

"ह्यो तर गोवर हाय, पोरी. माझी केसर त्यानंच गेली."

दगडाबाईला अशी एक लेक होती, हे आमच्या पिढीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ह्याची सुई असती?"

"असते, अम्मा. या डब्यात तीच आहे."

लस म्हटलं की ती दार लावायची. कशाची लस, हे ऐकायला कधी थांबलीच नव्हती. आज खसऱ्यापायी थांबली. पदरानं डोळे पुसून ती वळली आणि माणसांवर खेकसली, "बघता काय? कागदं घरी ठिवा अन् लेकरं आणा. जमीन पळून जाती व्हय?"

पहिली सुई ऋतुराजला. गाव डोक्यावर घेतलं पठ्ठ्यानं. दुसऱ्या दिवशी त्याला थोडा ताप आला, तेव्हा गजाला बसमधून उतरून थेट त्यांच्या ओट्यावर गेली आणि दगडाबाईचा जीव भांड्यात पडेपर्यंत बसून राहिली. गोवर आमच्या गावात आला नाही.

गजाला म्हणते, नोकरी मला सरकारनं दिली, पण नर्स दगडाअम्मानं केलं. मी त्या दोघींचीही ऋणी आहे, कारण आता मला दारोदार घसा फोडावा लागत नाही. लसीकरणाच्या आदल्या दिवशी दगडाबाई स्वतःच भोंग्यापुढं जाऊन बसते.

"उद्या शिस्टरचा खसरा हाय," ती सांगते. "कागदं नका आणू, लेकरं आणा. माझ्या केसरच्या टायमाला ही पोर नव्हती."